ग्रिम्वारची बांधणी: सप्टेंबर ते डिसेंबर २०२५च्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

काम: विक्का (विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रुजलेला, जादू मानणारा निसर्गपूजक पंथ) आणि जुनी युरोपीय ग्रहविद्या यांवर चालणाऱ्या साधनेची हस्तलिखित वही, म्हणजे ग्रिम्वार. ठिकाण पुणे. आकार ए-५, पानं १६०, मजकूर मराठीत.

हाताशी असलेला माल: तीन फुलस्केप वह्या, मोबाइलमधले दोनेकशे स्क्रीनशॉट आणि एका पाकिटात नाव न लिहिलेली वाळकी पानं. वह्यांतला निम्मा मजकूर कुठून उतरवला त्याचा पत्ता नाही. खरी अडचण तीच, अक्षर नव्हे.

‘ग्रिम्वार’ हे फ्रेंचमध्ये व्याकरणासाठी असलेल्या शब्दाचंच बिघडलेलं रूप. विक्का पंथ पुढे आणणारे गेराल्ड गार्डनर यांनी अशा वहीला ‘सावल्यांची वही’ म्हटलं. त्यांच्या सहकारी डोरीन व्हॅलिएंट यांच्या मते हे नाव त्यांनी १९४९च्या एका इंग्रजी मासिकातल्या लेखावरून उचललं असावं. तो लेख होता सावली मोजून भविष्य सांगायच्या संस्कृत पद्धतीबद्दल. म्हणजे नावापुरतं का होईना, हे प्रकरण आपल्या दारावरून जाऊन आलेलं आहे.

पहिला निर्णय: दोन वह्या. दुकानात कीर्द आणि खतावणी वेगळी असते तसंच. रोज काय केलं, कधी केलं, काय झालं ते कीर्दीत, तारखेच्या क्रमाने, गिचमिड चालेल. विषयवार तक्ते, विधी आणि वनस्पती खतावणीत. ग्रिम्वार म्हणजे ही खतावणी. कीर्दीत तीनदा न आलेली गोष्ट खतावणीत चढवायची नाही. बहुतेक वह्या दुसऱ्या महिन्यात बंद पडतात, कारण पहिल्याच आठवड्यात सुंदर अक्षरात चाळीस पानं नक्कल केलेली असतात आणि त्यातलं काहीच वापरलेलं नसतं. मग खोडायला हात धजत नाही.

प्रत्येक नोंदीचा साचा ठरला: नाव, उगम, हेतू, वेळ, साहित्य (मापासह), कृती, उच्चार, निकाल. ‘उगम’ हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. त्यात तीनच खुणा: यु (युरोपीय), भा (भारतीय), स्व (स्वतः जुळवलेलं). ‘निकाल’साठी पानाचा खालचा एक तृतीयांश भाग कोरा. आधीच्या वह्यांत ही जागा नव्हती, म्हणून निकाल समासात आडवेतिडवे लिहिले गेले आणि कुठला निकाल कुठल्या खेपेचा ते आता लागत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

कागद. दोन नमुने घेतले. एक शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा (ही संस्था १९४० पासूनची), १२० जीएसएमचा. दुसरा साधा यंत्राचा, १०० जीएसएमचा.

यंत्राच्या कागदाला धाटणी असते, म्हणजे तंतू एका दिशेने बसलेले असतात. ही दिशा वहीच्या पाठीला समांतर हवी. आडवी गेली की पावसाळ्यात पानं लाटेसारखी उठतात आणि वही पूर्ण मिटत नाही. तपासायला कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलका वाकवायचा. ज्या बाजूने तो मुकाट वाकतो, त्या वळीला समांतर धाटणी. ए-४ बहुतेकदा लांबीच्या दिशेने येतो. तो मधोमध दुमडून ए-५ केला की धाटणी आडवी पडते. म्हणून यंत्राचा कागद घ्यायचा तर ए-३ आणून आपण कापायचा. हाताने उचललेल्या कागदात ही भानगड जवळजवळ नसते.

हातकागदाचा दोष वेगळा. खळ कमी असेल तर शाई फुटते. दोन थेंबांची चाचणी: शाईचा एक थेंब आणि पाण्याचा एक थेंब, दहा सेकंद. पाणी लगेच शोषलं गेलं तर कागद लिहिण्याच्या कामाचा नाही, वेष्टणाच्या कामाचा. आजचा नमुना एका बाजूने पास, दुसऱ्या बाजूने काठावर. काठावरच्या बाजूला तांदळाच्या पातळ खळीचा एक हात दिला (एक चमचा पीठ, २०० मिली पाणी, उकळून गाळून). वाळल्यावर काचेच्या गुळगुळीत गोळ्याने घोटून काढलं. घोटल्यावर निब अडकायचं थांबलं. जुने कागदकार दगडाने घोटायचे ते उगीच नव्हे.

हिशेब: हातकागदाचे ए-४ आकाराचे ४० ताव, मधोमध घडी, चार-चार तावांची एक जुज. दहा जुजा, प्रत्येकी १६ पानं. वाटप जुजेवर: अनुक्रमणिका आणि नियम १, कालमान २, ग्रह २, वनस्पती २, विधी २, उच्चार आणि मागची सूची १. विभाग जुजेच्या मध्येच सुरू करायचा नाही. आधी सुट्या जुजांत लिहायचं, शिवायचं सगळ्यात शेवटी. एखादी जुज बिघडली तर तेवढीच बदलता येते. बाजारची बांधलेली वही घेतली की ही सोय जाते.

समास किती? दासबोधातला लेखनक्रियेवरचा समास (दशक १९, समास १) या बाबतीत आजही कामाचा आहे. चारी बाजूंनी जागा सोडावी, कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये, असं तिथे सांगितलंय. बाहेर आणि खाली २० मिमी, वर १५, शिवणीकडे १८.

शाईसाठी मायफळ (ओकच्या झाडावर धरणाऱ्या गाठी) भिजत घातलं: ३० ग्रॅम, जाडसर कुटलेलं, ३०० मिली गाळलेल्या पाण्यात, काचेच्या बरणीत. वर कापड बांधलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सात दिवसांनी काढा चहाच्या रंगाचा झाला. वर बुरशीचे दोन पांढरे ठिपके. सप्टेंबरची दमट हवा, दुसरं काय. ठिपके काढले, काढा दुहेरी कापडातून गाळला, हाती सुमारे २३० मिली. आधीच तीन लवंगा टाकल्या असत्या तर हे टळलं असतं.

हिराकस (लोहाचं सल्फेट) १० ग्रॅम. खडे हिरवट, कोरडे हवेत. वर तपकिरी पूड धरलेले खडे टाकून द्यायचे, ते हवेने आधीच बदललेले असतात आणि त्यांच्याने शाईत गाळ बसतो. हिराकस पडताक्षणी काढा करडा-काळा झाला. मग बाभळीचा डिंक १० ग्रॅम, दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून. लाकडी काडीने ढवळलं. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही.

मायफळ तीन भाग, हिराकस एक भाग हे प्रमाण मुद्दाम राखलं. हिराकस वाढवला की पहिल्या दिवशी शाई जास्त काळी दिसते आणि मोह होतो. पण उरलेलं लोह आणि शाईतच तयार होणारं आम्ल कागद खातं. जुन्या युरोपीय हस्तलिखितांत अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं दिसतात ती यामुळे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शाईची चाचणी. लिहिताना फिकट राखाडी, दुसऱ्या दिवशी काळीशार. हे असंच व्हायला हवं, हवेने रंग चढतो. ताजं लिहिलेलं फिकट वाटतं म्हणून दुसऱ्यांदा गिरवायचं नाही. गिरवलेल्या ओळी उद्या जाड आणि चकाकत्या दिसतात.

तुलनेला काजळीची शाई: तिळाच्या तेलाच्या दिव्याची काजळी आणि डिंक, दोन दिवस खलात घोटलेली. ही कागदाला अजिबात खात नाही, रंगही बदलत नाही. पण ओला हात लागला की पसरते. निर्णय: तक्ते काजळीने, विधी आणि वनस्पती मायफळाच्या शाईने, कारण ती पानं ओल्या हाताने उघडली जाणार. दोन्ही शाया फाउंटन पेनात भरायच्या नाहीत, फीड कायमचं चोंदतं. बोरू किंवा बुडवायची निब.

बोरूचा काप तपासून घ्या. रोमन सुलेखनासाठीचा तिरका काप देवनागरीला उलटा पडतो, जाड आणि बारीक रेघांच्या जागा बदलतात आणि अक्षर परकं दिसतं.

लिपी कोणती, हा वेगळा प्रश्न. विक्कात थीबन लिपीची हौस असते. ती रोमन अक्षरांच्या बदली खुणा देते, त्यामुळे मराठीला निरुपयोगी. गुप्ततेसाठी मोडी सुचते आणि कीर्दीला ती झकास आहे. पण मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. उच्चार महत्त्वाचा असलेला मजकूर मोडीत लिहिला की तो भेद कायमचा गेला. म्हणून कीर्द मोडीत, खतावणी देवनागरीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चंद्राचं पान. सगळ्यात जास्त घोळ इथे.

काल रात्री कोजागरी झाली. पाश्चात्त्य दिनदर्शिकेत मात्र पूर्णचंद्र ७ ऑक्टोबरला. चूक कुणाचीच नाही. पौर्णिमा ही तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्र १६८ अंशांवरून १८० अंशांवर जाईपर्यंतचा काळ. पाश्चात्त्य तक्त्यात ‘फुल मून’ म्हणून छापतात तो १८० अंशांचा क्षण, म्हणजेच पौर्णिमा संपण्याचा क्षण. यंदा ती काल दुपारी लागली आणि आज सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली. अमावास्येचंही तसंच, तिचा शेवट म्हणजे ‘न्यू मून’चा क्षण.

त्यामुळे नियम सोपा निघाला. पंचांगात तिथीची समाप्तीची वेळ छापलेली असते, तीच युरोपीय तक्त्याची वेळ. वाढत्या चंद्राचं काम समाप्तीच्या आधी, उतरत्याचं नंतर. आज रात्री चंद्र डोळ्याला गोल दिसेल, पण वद्य प्रतिपदा लागलेली आहे. जुन्या वहीत ‘पौर्णिमेच्या रात्री’ एवढंच लिहिलेल्या नोंदींपैकी कोणत्या वाढत्या चंद्राच्या आणि कोणत्या उतरत्याच्या, हे आता तारखा लावून एकेक सोडवावं लागलं. सोळापैकी पाच उतरत्याच्या निघाल्या.

दुसरा घोळ राशीचा. युरोपीय पुस्तकांतली रास सायन (वसंतसंपातापासून मोजलेली), पंचांगातली निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली). दोन्हींत सध्या साधारण २४ अंशांचं अंतर, त्यालाच अयनांश म्हणतात. आजच्या पूर्णचंद्राची सायन रास मेष (१४ अंश), निरयन मीन, नक्षत्र रेवती. ‘चंद्र वृषभेत असताना’ असं युरोपीय विधीत असेल आणि पंचांग उघडून वृषभ शोधली, तर जवळजवळ दोन दिवस चुकतात. कालमान विभागाच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात ‘सा’ किंवा ‘नि’ लिहायचं ठरलं. यु खूण असेल तर सा, भा असेल तर नि. मिसळायचं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

होऱ्यांचं पान. होरा म्हणजे एकेका ग्रहाच्या नावाचा तास. ग्रहांचा क्रम दोन्हीकडे एकच: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. वाराच्या स्वामीपासून सूर्योदयाला सुरुवात. २४ होरे मोजले की पंचविसावा दुसऱ्या दिवसाच्या स्वामीचा येतो. वारांची नावं ज्या क्रमाने लागतात तो इथूनच आलाय.

फरक होऱ्याच्या लांबीत. साठ-साठ मिनिटांचे होरे धरायची पद्धत आपल्याकडे आहे. युरोपीय ग्रहविद्येत मात्र सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग, आणि रात्रीचे वेगळे बारा. लंडनला हा फरक प्रचंड: डिसेंबरात दिवसाचा होरा ३९ मिनिटांच्या आसपास, जूनमध्ये ८३. पुण्यात तो ५५ ते ६६ मिनिटांमध्येच फिरतो. म्हणून इथे ‘साठ धरले तर काय बिघडलं’ असं वाटतं.

बिघडतं. २१ डिसेंबर २०२५, रविवार, पुणे: सूर्योदय सुमारे ७:०३, सूर्यास्त १८:०३. अकरा तासांचे बारा भाग, प्रत्येकी ५५ मिनिटं. सहावा होरा गुरूचा, ११:३८ ते १२:३३. साठ मिनिटांनी मोजला तर १२:०३ ते १३:०३, म्हणजे निम्मा मंगळात. बारावा शनीचा, १७:०८ ते १८:०३. साठने मोजला तर तो सूर्यास्तालाच सुरू होतो, म्हणजे पूर्णच दुसऱ्या होऱ्यात.

पानावर वर्षाचा तयार तक्ता लिहायचा नाही. कृती लिहायची, आणि दर महिन्याच्या १ तारखेच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या बारा जोड्या. मुंबईसाठी छापलेल्या वेळा वापरत असाल तर पुण्याला सूर्योदय साधारण चार मिनिटं आधी. न्यू जर्सी किंवा लंडनच्या वाचकाने बारा जोड्या आपापल्या गावाच्या घ्याव्यात आणि उन्हाळी वेळेचा एक तास विसरू नये.

२६ ऑक्टोबर, रविवार

ग्रहांचे अंकचौकोन. जादूविद्येवरच्या आपल्या ग्रंथाच्या १५३३च्या छापील आवृत्तीत जर्मन लेखक अग्रिप्पाने सात ग्रहांना सात चौकोन दिले: शनीला ३×३, गुरूला ४×४, आणि तसंच वाढत चंद्राला ९×९. एका ओळीची बेरीज क्रमाने १५, ३४, ६५, १११, १७५, २६०, ३६९. नक्कल केल्यावर प्रत्येक आडवी, प्रत्येक उभी आणि दोन्ही तिरप्या ओळी मिळवून बघायच्या. ६×६मध्ये आज दोन अंकांची अदलाबदल झालेली सापडली, ती फक्त उभ्या बेरजेत. आडवी ओळ बरोबर येत होती, कारण अदलाबदल एकाच ओळीत होती.

आता शनी:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आणि आपल्या नवग्रहांतलं सूर्ययंत्र:

६ १ ८
७ ५ ३
२ ९ ४

पान उलटं धरून बघा. शनीचा चौकोन उलटा केला की सूर्याचं यंत्र होतं, अंकन् अंक. एक ते नऊ अंकांचा ३×३चा जादूचा चौकोन मुळात एकच आहे, बाकी सगळी त्याचीच फिरवलेली किंवा आरशातली रूपं. बापलेकांचं हे नातं गमतीचं असलं तरी सुट्या चिठोऱ्यावर लिहिलेला चौकोन बघून तो कुणाचा, ते सांगता येत नाही. जुन्या पाकिटातून असे तीन चिठोरे निघाले. तिन्ही बाद. यापुढे प्रत्येक चौकोनाच्या माथ्यावर छोटा बाण आणि उगमाची खूण. नवग्रहांची बाकीची यंत्रंही ३×३चीच, प्रत्येक अंकात एकेक वाढवत जाणारी (चंद्राची बेरीज १८, मंगळाची २१), म्हणून ती अग्रिप्पाच्या तक्त्याशी जुळवायचा प्रयत्न करू नये.

४×४ला बेरीज पुरत नाही. ३४ बेरजेचे ८८० वेगवेगळे चौकोन होतात. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातला चौतिसा ७ १२ १ १४ ने सुरू होतो, अग्रिप्पाचा गुरू ४ १४ १५ १ ने. बेरीज दोन्हींची बरोबर. इथे मूळ प्रतीशी अंकवार ताळा करण्याला पर्याय नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

वनस्पती. जुजांचा अंदाज इथे चुकला. ३२ पानं, एका पानाला एक वनस्पती, आणि यादी सत्तेचाळीसची. अर्ध्या पानाला एक बसवून बघितली, निकालाची जागा गेली. शेवटी यादीच कापली: प्रत्यक्ष वापरात आलेल्या एकोणतीस. शिवाय वाळकी पानं डकवायला एक जुज वाढवली. आता एकूण अकरा जुजा, १७६ पानं.

नावांचा गोंधळ कागदाच्या आणि शाईच्या चुकांपेक्षा महाग पडतो. युरोपीय तक्त्यात सूर्याखाली येणारं ‘बे’ पान म्हणजे लॉरेल. आपलं तमालपत्र दालचिनीच्या वंशातलं. लॉरेलला मधोमध एक शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा. तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन लांब शिरा. किराणा दुकानातलं पान उजेडात धरा, तीन शिरा दिसतीलच. वापरायचं तर वापरा, पण नोंदीत ‘तमालपत्र, स्व’ असं लिहा. यु लिहू नका.

‘मगवर्ट’च्या जागी दवणा: दोन्ही आर्टेमिसिया, पण जाती वेगळ्या. इथेही स्व. दोन्ही गरोदरपणात वर्ज्य, ही ओळ पानावर तांबड्या शाईत.

सताप म्हणजे युरोपीय ‘रू’, इथे मात्र झाड तेच. ताजी पानं हाताळून उन्हात गेलं तर कातडीवर फोड येतात. तोडायची तर संध्याकाळी, हातमोजे घालून.

‘फ्रँकिन्सेन्स’साठी लोबान घेतला तर बरेचदा बेन्झॉइन मिळतं. वास गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारा. फ्रँकिन्सेन्सच्या वंशातलं इथलं झाड म्हणजे सालई, विदर्भाच्या कोरड्या जंगलांतलं. तिच्या डिंकाचा वास लिंबासारखा, थोडा टर्पेंटाइनचा. दोन खडे निखाऱ्यावर टाकून वास घेतल्याशिवाय नाव लिहायचं नाही.

विषारी वेगळ्या पानावर, चारी बाजूंनी तांबडी चौकट: बचनाग, धोतरा, कण्हेर, गुंज. इथे ‘साहित्य’ आणि ‘कृती’ हे रकानेच छापायचे नाहीत, फक्त ओळख आणि इशारा. बचनागाचं विष कातडीतूनही अंगात जातं. युरोपीय हस्तलिखितांत ‘उडण्याच्या मलमा’च्या कृती सापडतात. त्या नक्कल करायच्या नाहीत.

दाबलेली पानं: वर्तमानपत्राच्या घडीत, पहिले चार दिवस रोज कागद बदलून, एकूण दोन आठवडे. ओलसर राहिलं तर समोरच्या पानावर तपकिरी छाप उमटतो, मागून बुरशी. डकवायला गोंदाचं बोट नको. कागदाच्या अरुंद पट्ट्या, दोन ठिकाणी.

९ नोव्हेंबर, रविवार

वर्षचक्र, विक्कातले आठ सण. लिहायला सोपं, बसवायला अवघड. १ ऑगस्टचा लॅमस हा ब्रिटनमध्ये गव्हाच्या पहिल्या कापणीचा. तेव्हा मावळात भाताची लावणी जेमतेम उरकलेली असते. म्हणून दोन स्तंभ: डावीकडे युरोपीय तारीख आणि तिचं कारण, उजवीकडे त्या दिवशी इथल्या शेतात आणि आभाळात खरंच काय दिसतं ते. ३१ ऑक्टोबरचा साऊइन म्हणजे आपला पितृपक्ष, असं समीकरण मांडलेलं जुन्या वहीत होतं. काढलं. पितरांची आठवण दोन्हीकडे असली तरी तारखेचा आधार वेगळा. लिथा आणि मेबन ही सणांची नावं प्राचीन काळापासून चालत आलेली समजू नयेत. अमेरिकेत एडन केली यांनी ती या सणांना १९७०च्या दशकात लावली.

२१ डिसेंबरचं अयन आणि १४ जानेवारीची संक्रांत यांत चोवीस दिवस का, तेही याच पानावर: तोच २४ अंशांचा अयनांश.

विधी विभागाच्या पहिल्या पानावर एक चौकट: या वहीतलं सगळं स्वतःपुरतं. २०१३च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं स्पष्ट नोंदलेलं आहे. आरोग्याशी संबंधित प्रत्येक नोंदीची पहिली ओळ ‘डॉक्टरला दाखवून झालं’ ही. ती भरल्याशिवाय पुढचे रकाने भरायचे नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिवण्याआधी सगळ्या जुजांचे फोटो काढले. पान सपाट असतानाच निघतात चांगले. फाइलचं नाव जुज-पान-विषय.

हवा कोरडी झाली, बांधणी सुरू. जुजा रात्रभर वजनाखाली. पाठीवर आठ भोकं: दोन्ही टोकांना कडेपासून १५ मिमीवर एकेक, आणि १२ मिमी रुंदीच्या तीन फितींच्या दोन्ही बाजूंना एकेक. भोकं घडीच्या आतून बाहेर, आरी ४५ अंशांत धरून. सरळ खाली टोचली तर ती घडीच्या बाजूला निघते आणि पान सुटतं.

सुती जाड दोरा, मेणातून दोनदा ओढलेला. लांबी: ११ जुजा × २१ सेंमी, अधिक ५० सेंमी, म्हणजे २.८ मीटर. एवढा लांब दोरा गुंततो, म्हणून दोन तुकडे, जोडगाठ जुजेच्या आत. टाका ओढताना दोरा पाठीला समांतर ओढायचा. काटकोनात ओढला की हातकागद टरकन फाटतो. सातव्या जुजेला नेमकं हेच झालं. आतल्या घडीवर पातळ कागदाची १५ मिमीची पट्टी खळीने लावून दुरुस्त केली.

पानं डकवलेल्या जुजेत दर दोन तावांमागे २० मिमी रुंद कागदाची पट्टी शिवणीत धरली. नाही तर डकवलेल्या मालाने वहीचं तोंड फुगतं आणि पुठ्ठा मिटत नाही.

खळ मैद्याची. बांधणीवाले तिच्यात किडीसाठी मोरचूद घालतात. घातलं नाही. ते विषारी आहे आणि तांबं कागदाला वर्षानुवर्षं खात राहतं. कसर टाळायला वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून पेटीत. दर पावसाळ्याआधी बदलायचे.

७ डिसेंबर, रविवार

पुठ्ठा २ मिमी, वर खादी. पाठीला खळ लावून चोवीस तास वजनाखाली. उघडायला घाई केली तर पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो. वाकला होताच, आतून एक कागद चिकटवल्यावर सरळ आला. दोन्ही बाजूंची ओल सारखी हवी, एवढंच.

अनुक्रमणिका भरली. पुढची विभागवार, मागची वर्णानुक्रमे. मागच्या सूचीत एका वनस्पतीची सगळी नावं स्वतंत्र: ‘रू’ पाहा सताप, ‘बे’ पाहा तमालपत्र (स्व). २९ वनस्पतींच्या सूचीत ७१ नोंदी झाल्या. वही गुंडाळायला तांबडा सुती रुमाल.

जुन्या तीन वह्या टाकायच्या नाहीत. त्यांना क्रमांक दिले आणि खतावणीत उगमाच्या रकान्यात खुणेपुढे ‘जु-२, पान ३४’ असा हवाला.

१४ डिसेंबर, रविवार

आठवडाभरात एक दोष दिसला: मायफळाच्या शाईच्या दोन पानांवर अक्षरांभोवती पिवळसर कडा. ती दोन्ही पानं बाटलीच्या तळच्या शाईने लिहिलेली. तळाशी गाळ जमतो, शेवटचे २० मिली वापरायचे नाहीत. पानांखाली तारीख टाकून ठेवली, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.

कीर्दीत पुढची नोंद आखून ठेवली. ३ जानेवारी २०२६, शनिवार, शाकंभरी पौर्णिमा. पौर्णिमा २ तारखेला संध्याकाळी लागते, ३ तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास संपते. वाढत्या चंद्राचं काम असेल तर रात्र २ तारखेची. चंद्र: सा कर्क, नि मिथुन, आर्द्रा. साहित्य, कृती, उच्चार भरले. निकाल कोरा.